दादाच्या गोठ्यातला आकडा

शहरावर धुरकट झाकण बसलं की लोक गाड्यांना आणि कारखान्यांना शिव्या घालत. प्रदूषण खात्यातली एक बाई मात्र वर्षानुवर्षं गुरांच्या शेणामुताचा हिशेब मांडत होती. गोठ्यातून अमोनिया उडतो, गाड्यांच्या धुरात मिसळतो, त्याचे बारीक कण होतात आणि माणसांच्या छातीत शिरतात, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. शिवाय दर गाईमागे किती अमोनिया धरायचा तो आकडा जुनापुराणा, कुठल्याशा थंड मुलखातला. खरं मोजायला कुणी गोठ्यात पाऊल ठेवू देईना.

शेवटी ती थोरल्या भावाकडे गेली.

"लाव तुझं यंत्र," दादा हसला. "माझ्या गाई काही लाजत नाहीत."

उन्हाळाभर मोजणी चालली. आकडा निघाला जवळजवळ दुप्पट. पुन्हा पुन्हा तपासला, तरी तो जागचा हलेना. साहेबांच्या आधी तिने तो दादाला सांगितला.

"म्हणजे शहर खोकतंय ते माझ्यामुळे?"

"एकट्या तुझ्यामुळे नाही रे. पण तुझ्यामुळेही."

"बहीण म्हणून दार उघडलं, तर माझ्यावरच उलटलीस!" दादा ताटावरून उठला. वहिनी भांडी आवरत राहिली.

साहेब म्हणाले, "एका गोठ्याचं काय घेऊन बसलात? जुनाच आकडा चालू द्या."

ती इतकी थकली होती की 'बरं' अगदी ओठांवर आलं होतं.

"नको साहेब," ती म्हणाली. "वर पाठवू. बाकीचे गोठेही मोजायला लावा म्हणून लिहिते."

ते गोठेही मोजले गेले. कुठे दादाच्या गोठ्यापेक्षा थोडं कमी, कुठे जास्त, पण जुना आकडा कुठेच टिकला नाही. शेणखड्डे झाकायचा हुकूम निघाला. दादाने तिचा फोन घेणं बंद केलं.

एका रविवारी ती न कळवताच गेली. दादा एकटाच खड्ड्यावर जाड कापड ओढत होता आणि वारा ते उधळून लावत होता. तिला पाहून तो ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"ते टोक धर," एवढंच म्हणाला.

दोघांनी कडेला दगड ठेवत कापड ताणलं. हात भरून आले. वास तरीही येतच होता.

"फरक पडेल?"

"थोडा."

"एवढ्या मरमरीनंतर थोडाच?" तो कठड्यावर बसला. तीही शेजारी टेकली. दोघंही धापा टाकत होती.

"जेवून जा," दादा म्हणाला.

तिने मान डोलावली. लगेच उठायचं मात्र दोघांच्याही जिवावर आलं होतं.