वाढत्या पायाचे माप

सावनेरच्या कोळसाखाणीमागे जी वस्ती आहे, तिच्या समाजभवनात त्या शनिवारी सतरंजीवर एक्केचाळीस मुले ओळीने बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात बुटांचा एकेक खोका होता. नागपुरातील धरमपेठेच्या चर्चमधून आलेल्या सेवादलाच्या दहा दिवसांच्या शिबिराचा हा नववा दिवस. सलोमी वाघचौरे खोक्यांवरील नावे यादीशी ताडून पाहत होती. अठरा वर्षे तिने शाळेत गणित शिकवले होते. आपली यादी चुकू शकते, ही शक्यता तिने आजवर गांभीर्याने विचारात घेतली नव्हती.

शिबिराला परवानगी सहजासहजी मिळाली नव्हती. वस्तीतील वडीलधारे आनंदराव पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलले होते. "आमच्या बापानं छप्पन साली आपला धर्म आपल्या हातानं निवडला, ताई. तवा आमाले धर्म देऊ नका. गणित द्या, इंग्रजी द्या. अन् जे देतो म्हनान, ते द्या. तुमच्याआधी दोन संस्था येऊन गेल्या. एकीनं दप्तरं देतो म्हनलं, दुसरीनं चष्मे. आमी अजून वाट पाहून राहिलो."

"कबूल," सलोमीने उत्तर दिले होते. "प्रार्थना मी माझ्यापुरती करीन. आणि शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक मुलाच्या पायात त्याच्या मापाचा बूट असेल."

"मापाचा," आनंदरावांनी तो शब्द जणू गाठीशी बांधून ठेवला होता.

मापे घेण्याची पद्धतही सलोमीचीच. सेवादलातील स्वयंसेवक मुलांचे पाय धरून मोजायला सरसावले, तेव्हा तिने त्यांना थांबवले. ज्यांच्या आया घरात आहेत, त्यांचे पाय परक्याने का धरावेत? तिने प्रत्येक मुलाच्या हाती कागदाची एक पट्टी दिली आणि आईकडून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून ती कापून आणायला सांगितले. मग त्या एक्केचाळीस पट्ट्या घेऊन ती लकडगंजात ईश्वरदासांच्या ठोक दुकानात दोन तास बसली, आणि लेकरांचे पाय वाढते असतात या हिशेबाने प्रत्येक पट्टीमागे एक नंबर मोठा घेतला.

"रोशनी, तू आधी," ती म्हणाली.

नऊ वर्षांच्या रोशनीने बुटात पाय घातला, तो हलवून पाहिला, आणि मोठ्या आनंदाने जाहीर केले, "मॅडम, याच्यात माझे दोन्ही पाय मावतात!"

हास्याचा एकच लोट उसळला. पाठोपाठ दुसरा खोका उघडला, तिसरा उघडला. प्रत्येक बुटात टाचेमागे तीन-तीन बोटांची पोकळी. सलोमीने आवाज चढू दिला नाही.

"कोणी उठायचं नाही. सतरंजीबाहेर एकही पाय पडता कामा नये."

ईश्वरदासांनी बजावलेले तिच्या पक्के ध्यानात होते: तळव्याला माती लागली, की बूट परत घेणार नाही.

चर्चचे पंच देवराव कॅमेरा सरसावून उभे होते. "कायले घाबरतेस? समोर कागद कोंबू. पोरं उभी करू, फोटो काढू. उद्या उपासनेच्या वेळी पडद्यावर दाखवतो म्हणून मंडळीला सांगून बसलो मी."

"फोटोत कागद दिसणार नाही, काका, पण चालताना तो टोचेल. मी मापाचा बूट कबूल केला आहे, बुटाचा फोटो नव्हे."

"अन् उद्या पडद्यावर काय दाखवू?"

"काही दाखवू नका. बूट बदलायला गेले, असं सांगा."

दारातून आनंदरावांचा शांत आवाज आला. "म्हंजे ही तिसरी संस्था."

हा घाव मात्र बरोबर वर्मी बसला. सलोमी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अजून नाही. शेवटचा दिवस उद्या आहे. चूक माझी आहे. फक्त ती नेमकी कुठे झाली, हे मला कळायला हवं."

दाराशी जमलेल्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. अखेर रोशनीची आई प्रेमिला पदराआड हसू दाबत पुढे आली. "तुमची एकटीची नाई, मॅडम. मी पट्टी दोन बोटं लांब कापली. बूट का रोज भेटते? लेकराले वाढत्या अंगाचंच घ्यावं लागते."

"मी बी," दुसरी म्हणाली. "मी त अडीच बोटं कापली वं," तिसरीने कबूल केले.

"आणि वर मी एक नंबर वाढवला," सलोमी म्हणाली. मग तिलाही हसू आवरेना.

तिने ईश्वरदासांना फोन लावला. "तळवे कोरे आहेत का?" त्यांनी एवढेच विचारले. "कोरे." "मग आज संध्याकाळी आणा. दुकान उघडं ठेवतो."

आता मापे नव्याने घ्यायची होती, आणि तीही आयांच्या डोळ्यांदेखत. प्रेमिलाने पाण्याची बादली आणली. सलोमी जमिनीवर बसली, रोशनीचा धुळीने माखलेला पाय तिने धुतला, पुसला आणि मांडीवर घेतला. हे दिसताच देवरावांचा कॅमेरा वर गेला.

"काका, तो पिशवीत ठेवा आणि दुसरी पट्टी धरा."

देवरावांनी क्षणभर तिच्याकडे, मग बादलीकडे पाहिले. कॅमेरा पिशवीत गेला. गुडघे कुरकुरत असतानाही ते खाली बसले आणि त्यांनी पुढच्या मुलाचा पाय हाती घेतला.

"एक बोट त जास्त ठेवा, मॅडम," प्रेमिला घासाघीस करू लागली.

"अर्धं."

"तुमाले लेकरं हायेत काय?"

"दोन. दोघांनाही मी पहिलीत कापूस कोंबलेले बूट घातले. दोघंही शाळेच्या पायरीवर आपटली."

"मंग?"

"मग अर्धंच बोट."

प्रेमिलाने अंगठ्याने अर्धे बोट मोजून दाखवले, जरासे उदारपणे. सलोमीने तिचा अंगठा तितकाच मागे सरकवला. एक्केचाळीसाव्या पायापर्यंत हा वाद असाच रंगत गेला.

रविवारची सकाळ बदलून आणलेल्या खोक्यांवर नावे घालण्यात गेली; उपासना सलोमीची चुकली, देवरावांचीही. मंडळीने पडद्यावर काय पाहिले, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. दुपारी बदललेले खोके घेऊन दोघेही वस्तीत होते. या वेळी मुले सतरंजीवरून उतरली आणि थेट मुरमाच्या रस्त्यावर धावली. रोशनी हातपंपापर्यंत पळत गेली, तशीच परत आली. टाच एकदाही निसटली नाही.

आनंदराव ओळीतल्या प्रत्येक मुलाजवळ वाकले आणि प्रत्येक बुटाचे नाक त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले. ओळ संपली, तेव्हा ते सलोमीकडे वळले.

"वर्षभरात पाय वाढतीन, ताई."

"वाढू देत. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू."

"मंग यंदापासूनच पट्ट्या कापून ठेवाले सांगतो बायाईले."

"पट्ट्या नकोत!" सलोमी आणि प्रेमिला एकदमच ओरडल्या.

"मोजायला मी येते," सलोमी म्हणाली.

"मंग बादली मी भरून ठेवतो," आनंदराव म्हणाले.