खांब्याचे हातमोजे

आम्ही हातमोजे बोलतोय. एक उजवा, एक डावा. बोलतो मात्र एकाच आवाजात, कारण अंगठ्यांची दिशा सोडली तर आमच्यात मतभेद असा कधी झाला नाही.

थंडीत घालतात ते मोजे आम्ही नव्हे. आम्ही गोलकीपरचे. तळव्याला मऊ रबराचा थर, मनगटाला रुंद पट्टा. आमचा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे शिवणयंत्रं इतकी एकसारखी गुणगुणत की सगळी खोलीच झोपेत आहे असं वाटे. शेवटचा टाका घालून झाला की शिवणारी बाई स्वतःचे हात आमच्यात घाली, बोटं हलवून बघे आणि स्वतःशीच हसे. आमची पहिली जाग ती. मग खोक्यात तळव्याला तळवा लावून आम्ही पडून राहिलो. एके दिवशी झाकण उघडलं, तर समोर खांब्या.

खांब्या हे त्याचं संघातलं नाव. उंच, सडपातळ, गोलच्या दोन खांबांमध्ये उभा राहिला की तिसरा खांबच वाटायचा. त्याने आम्हाला उलटसुलट करून पाहिलं आणि चक्क तळव्यांवर थुंकला! आम्हाला केवढा अपमान वाटला. पुढे कळलं, ओलसर रबर चेंडूला घट्ट धरतं, म्हणून सगळेच गोलकीपर तसं करतात. म्हणजे तो मानच होता म्हणायचा.

ते दिवस आठवले की अजून तंद्री लागते. सकाळी मैदानावर धुकं पसरलेलं असे. त्यातून चेंडू यायचा. आधी नुसती चाहूल, मग एक पांढुरका डाग, मग तो डाग हळूहळू मोठा होत आमच्याकडे तरंगत यायचा. खांब्या झेप घ्यायचा. हवेत आडवा असताना त्याचे हात इतके शांत असत की वाटे, हा माणूस राहतो तिथेच, जमिनीवर नुसता येऊन-जाऊन असतो.

घरी त्याच्याबरोबर एक औषधांचा दुकानदार राहायचा. ठेंगणा, चष्मेवाला, दिवसभर लोकांचे खोकले ऐकून दमलेला. तो आम्हाला कोमट पाण्यात धुवायचा. पिळायचा नाही, नुसता दाबायचा, आणि खिडकीशी सावलीत वाळत घालायचा. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "आज किती पकडलेस?" असं विचारायचा, जणू खांब्या मासे धरायला गेला होता.

संघात कुणी त्याच्याबद्दल विचारलं की खांब्या सांगे, "माझा मावसभाऊ आहे."

असा तो वर्षानुवर्षं मावसभाऊ राहिला. सामना बघायला यायचा, पण जायचा वेगळ्या दाराने. आणि "काय म्हणतो तुझा मावसभाऊ?" असं कुणी सहज विचारलं, तरी आमच्या आतले हात गार पडायचे. बाहेरून कुणाला दिसत नसे. आम्हाला मात्र कळायचं.

मग एक मोठा सामना जिंकल्यावर खांब्या पत्रकारांसमोर बसला. आम्ही टेबलावर, माइकच्या शेजारी. कुणीतरी हसत विचारलं, "आता लग्नाचं कधी मनावर घेताय?"

सगळे हसले. खांब्याने आम्हाला जवळ ओढलं आणि मुठीत धरलं.

"घरी माझी वाट बघणारा माणूस आहे," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत आलो, तो माझा मावसभाऊ आहे म्हणून. तो मावसभाऊ नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे."

मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसे कॅमेरे वाजू लागले.

घरी पोचतो तोच त्याच्या आईचा फोन. त्याचे हात पुन्हा गार.

"अरे, मला सख्खी, चुलत कुठलीच बहीण नाही," आई म्हणाली. "मागे टीव्हीवर तू मावसभाऊ म्हणालास, तेव्हाच मी म्हटलं, हा आला कुठून?"

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. जेवलात का दोघं?"

खांब्याने आम्हालाच डोळ्यांना लावलं. चेंडूखेरीज काही झेलायची ती आमची पहिलीच वेळ.

त्यानंतर मात्र आमच्यावर जो प्रकाश पडला, तो हटेचना. खांब्याने पेनल्टी अडवली, तर पत्रकार विचारत, "हा चेंडू अडवताना जोडीदाराची आठवण आली?" तो सांगायला जाई, "नाही हो, पेनल्टी मारणाऱ्याचा टेकलेला पाय वळला होता, म्हणून मी डावीकडे..." तोवर पुढचा प्रश्न आलेला असे. गॅलरीतून काहीजण घाणेरडं ओरडत, काहीजण प्रेमाने झेंडे हलवत. सगळे त्याच्याकडे बघत. चेंडूकडे बघणारे आम्हीच तेवढे.

कॅमेरे औषधांच्या दुकानापर्यंत गेले. एका आजींसमोर माइक धरून विचारलं, "तुम्हाला याबद्दल काय वाटतं?" आजी म्हणाल्या, "मला खोकला झालाय, बाजूला व्हा." पण सगळेच आजींसारखे नसतात. नेहमीची गिऱ्हाइकं रस्ता बदलून जाऊ लागली.

"तू बोललास ते चांगलंच केलंस," दुकानदार एका संध्याकाळी आम्हाला वाळत घालताना म्हणाला. "पण लोक आता गोळ्या घ्यायला येत नाहीत रे. मला बघायला येतात."

"मग मी खेळणं सोडू?"

"वेड लागलंय का? मग मी संध्याकाळी कुणाला विचारू, किती पकडलेस म्हणून?"

दोघं हसले. तरी खांब्याचे हात काही ऊब धरेनात. आणि एका दुपारी, आम्ही शंभरदा झेलला असेल असा साधा चेंडू आमच्यामधून निसटला आणि जाळीत जाऊन झोपला. सामना हरलो.

पत्रकारांची खोली तुडुंब भरली होती. "घरचा ताण आहे का?" "जाहीर केल्याचा पश्चात्ताप होतो का?" खांब्या मान खाली घालून आमचे पट्टे उघडत-लावत राहिला. तेवढ्यात मागून रेडिओवरच्या एका बाईंचा बसका आवाज आला.

"त्या चेंडूला मूठ का नाही मारलीत? पकडायला का गेलात?"

खांब्याने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी त्याला कुणी चेंडूबद्दल विचारलं होतं.

"अगदी बरोबर विचारलंत!" तो म्हणाला. आम्हाला हातांत चढवून उठूनच उभा राहिला. "हे बघा, चेंडू आत वळत होता, ऊन डोळ्यांवर. मला वाटलं, छातीशी घेईन. मूठच मारायला हवी होती. सपशेल माझी चूक!" चूक सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. शेजारी प्रशिक्षक कपाळाला हात लावून बसले होते. हरलोय काय, आणि हा हसतोय काय! पण आमच्या आत हात गरम झाले होते.

बाहेर बोळात समोरच्या संघातला, गोल मारणारा खेळाडू उभा होता. त्याने हात पुढे केला, आणि केला तो सोडेचना.

"माझ्याकडेही," तो अगदी हळू म्हणाला, "एक मावसभाऊ आहे."

खांब्याने दुसरा हातही त्याच्या हातावर ठेवला. "त्याला माझा नमस्कार सांग." एवढंच. त्या खेळाडूचं नाव आम्ही तुम्हाला सांगणार नाही.

मोसम संपला, आमचं रबर झिजलं, नवे मोजे आले. पुढे खांब्याही निवृत्त झाला. परवा एका संग्रहालयाचे गृहस्थ आले होते. आम्हाला काचेच्या कपाटात ठेवू म्हणाले, खाली पाटी लावू. खांब्याने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मोजे मोकळे नाहीत हो. वापरात आहेत."

खरंच आहोत. दुकानदाराने गच्चीवर गुलाब लावलेत आणि काट्यांसाठी तो आम्हाला घालतो. त्याची बोटं आमच्यात पोहतात. कपाटाचं आम्हाला वाईट वाटत नाही. मागणं एकच: कुणी धीर करून आपल्या मनातलं तुम्हाला सांगितलं, तर ते ऐका, आणि मग त्याला त्याच्या कामाचंही काहीतरी विचारा.

आत्ता दुकानदार स्टुलावर चढलाय आणि उंच खांब्या खाली उभा आहे, कारण कुठली फांदी कापायची ते त्याला कळत नाही. वरून फुलं पडतात, तो झेलतो. हे बघा, एक सुटलं.

"वाकडं टाकलंस!"

"तुला पकडता येत नाही, ते सांग!"

भांडण आता रंगणार. आम्हाला दुसरी फांदी धरायची आहे. येतो.