कोहळ्यात उतरलेली चरबी

गुरुवारी सकाळी कळसच्या शिवारातल्या पत्र्याच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदापूरकडून, बारामतीकडून जीप भरभरून बायका आल्या होत्या. बहुतेकींनी पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यावर हात टेकत चालणाऱ्या. मांडवाच्या आढ्याला ओळीनं कोहळे टांगलेले. प्रत्येकाच्या देठाशी कुंकवाचा लपका, लाल दोरा आणि नावाची चिठ्ठी. मध्यभागी भाजी बाजारात असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्यामागे मखमली खुर्चीत हलकेनाथ महाराज. महाराज स्वतः चांगलेच भरलेले होते. पण ते भक्तांचं ओझं वाहतात, असं शिष्य सांगत.

"डॉक्टर म्हणतो भाकरी सोड," महाराज माइकवर गरजले. "मी म्हणतो भाकरी खा, लाडू खा, कर्म सोड! चरबी म्हंजी साठलेलं कर्म. ती नष्ट होत न्हाय, जागा बदलती. सायन्सच्या पुस्तकात काय लिहिलंय? ऊर्जा नष्ट होत न्हाय! मग तुमची चरबी जाती कुठं?"

"कोहळ्यात!" मांडव एका सुरात ओरडला.

कुशाबाई काट्यावर चढल्या. मागच्या गुरुवारपेक्षा दोन किलो कमी. शिष्यानं त्यांच्या नावाचा कोहळा काढून काट्यावर ठेवला. तो जवळपास तेवढाच वाढला होता. थोडा फरक राहिला, तर तो महाराजांनी स्वतःच्या अंगावर घेतला, असं ठरलेलंच होतं. बायकांनी हात जोडले. कुणीतरी रडायला लागली.

मग नियमांची उजळणी झाली. भस्माची पुडी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायची, मध्येच सोडायची नाही. अंगाला सुई लावून घ्यायची नाही. कोहळा दरबाराबाहेर न्यायचा नाही. "आन् पुडी मधीच सोडली, सुई लागली न्हायतर कोहळा फुटला," महाराज आवाज खाली आणत म्हणाले, "तर कोहळ्यातली चरबी उलटून सरळ काळजावर येती. माणूस जागच्या जागी जातो."

इथली माणसं भाबडी आहेत असं कुणी समजू नये. आयुष्यभर कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी संशय येतो तो काट्याचा. आपलं वजन काट्यात मारलं जाईल, ही धास्ती त्याच्या रक्तात असते. कुशाबाईंचे यजमान हिंदुराव पहिल्याच गुरुवारी घरून शिक्क्याची वजनं घेऊन आले होते. भर मांडवात त्यांनी ती काट्यावर ठेवली. काटा गुंजभरही चुकला नाही. हिंदुरावांनी टोपी काढली आणि महाराजांच्या पाया पडले. काटा खरा निघाला, म्हणून बाबाही खरा ठरला. काटा बरोबर असतानाही माणसाला फसवता येतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि हिंदुरावांनी तपासलंय म्हटल्यावर गावानं पुन्हा तपासायचं कारण उरलं नाही.

कुशाबाईंचं वय एकसष्ट. त्यांच्या आईची शेवटची वर्षं खाटेवर गेली होती; कूस बदलायलाही माणूस लागे. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच भीती होती. "मला कुणाच्या हातावर यायचं न्हाय," त्या सुनेला म्हणत. बारामतीच्या डॉ. प्रगती यांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं होतं, पण हळूहळू, वर्ष धरून. ते त्यांना फार लांब वाटलं. गुडघे रोज दुखत होते. महाराज तर दर गुरुवारी आकडा दाखवत होते.

सून संजीवनी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिला आकड्यापेक्षा सासूबाईंचा चेहरा दिसत होता. गाल बसले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन त्या विव्हळत. दिवसभर लघवीसाठी परसातल्या मोरीत ये-जा चाललेली.

"आई, हे बरं लक्षण नाही. ती पुडी थांबवा."

"चरबी वितळती गं. वितळताना दुखायचंच."

"छातीत धडधडतंय म्हणाला होतात ना काल?"

कुशाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल. मधीच सोडलं तर काय हुतं ते ऐकलंस न्हवं?"

म्हणजे त्यांनाही कळत होतं. त्या बऱ्या होण्याच्या आशेवर पुडी घेत नव्हत्या. सोडली तर मरू, या धाकानं घेत होत्या.

सोमवारी गोठ्याच्या दारात त्या कोसळल्या. संजीवनीचा नवरा राजवर्धन लोणी देवकरला कामावर होता. तिनं शेजाऱ्यांची जीप काढायला लावली. हिंदुराव दारात आडवे आले.

"सुई लावतील तितं! महाराजांनी सांगितलंय."

"आबा, त्या डोळे उघडत नाहीत. बाजूला व्हा."

आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यांशी त्या आवाजात बोलली. ते बाजूला झाले.

बारामतीत डॉ. प्रगती यांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि कुशाबाईंना तातडीनं अतिदक्षता विभागात हलवलं. बाहेर येऊन त्यांनी संजीवनीनं आणलेली पुडी हातात घेतली.

"त्यांच्या अंगातलं पाणी गेलंय आणि पाण्याबरोबर क्षार गेलेत. पोटॅशियम इतकं खाली आहे की हृदयाचे ठोके चुकताहेत. लघवी वाढवणारं औषध जास्त झालं की असं होतं. थोडंसं त्यांच्या बीपीच्या गोळीत आहेच. उरलेलं यात असणार, असा माझा संशय आहे. तपासायला पाठवते."

"मग वजन?" हिंदुरावांनी विचारलं.

"पाण्याचं गेलं, आबा. चरबी बहुतेक आहे तिथंच आहे."

सलाईन आणि क्षार सुरू झाले. बुधवारी कुशाबाई उठून बसल्या तेव्हा नर्सनं त्यांना काट्यावर उभं केलं. हिंदुराव वाकून आकडा पाहत होते. वजन मागच्या गुरुवारच्या आकड्यापेक्षा चार किलोनं वाढलं होतं.

"दोन दिवसांत चार किलो चरबी चढत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेलं पाणी परत आलं."

पण हिंदुरावांच्या डोळ्यांत समाधान नव्हतं, भीती होती. सुई लागली होती, पुडी सुटली होती. आता फक्त कोहळा फुटायचा शिल्लक होता. संध्याकाळी ते सुनेला हलकेच म्हणाले, "हिला घरी नेऊ. उद्याची पुडी दिऊ. महाराजांस्नी काय कळू द्यायचं न्हाय."

"आणखी एक पुडी पोटात गेली तर हृदय थांबेल, असं डॉक्टर म्हणाल्यात."

"आन् न्हाय गेली तर?" हिंदुरावांनी विचारलं. "तुला खात्री हाय? शंभर टक्के?"

संजीवनी म्हणाली, "आई इथंच राहू देत. आपण दोघं दरबारात जाऊ. आईंचा कोहळा काट्याला लावायला सांगू. त्या दवाखान्यात आहेत, एवढं मात्र सांगायचं नाही. आईंचं वजन चार किलो वाढलंय. चरबी खरंच ये-जा करत असेल, तर कोहळा हलका व्हायला पाहिजे. तो हलका झाला, तर मी स्वतः आईंना पुडी देईन."

हा काट्याचा हिशोब होता. तो हिंदुरावांना पटला.

गुरुवारी मांडव पुन्हा भरलेला. हिंदुराव पुढं झाले. "महाराज, घरच्यांना जरा अशक्तपणा हाय, आल्या न्हायत. तेवढा कोहळा बघा."

"येणारच अशक्तपणा! कर्म उतरतंय!" महाराजांनी शिष्याला खूण केली. कोहळा काट्यावर चढला. शिष्यानं आकडा वाचला आणि मांडवात टाळ्या झाल्या. कोहळा आणखी अडीच किलोनं वाढला होता.

"बघा! माउली घरात बसून हलकी झाली. अडीच किलो!"

हिंदुरावांनी टाळी वाजवली नाही. ते आकड्याकडं बघत राहिले. मग सुनेकडं वळून अगदी हळू म्हणाले, "अगं, ती तर वाढली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मोठ्यानं बोला, आबा."

"ती वाढली!" हिंदुराव ओरडले. "दवाखान्यात हाय ती! सलाईनवर! चार किलोनं वाढली, आन् कोहळाबी वाढला? मग ह्यात उतरलं काय?"

मांडव हादरला. महाराज खुर्चीतून उठले. "सुई लावली? पापी माणसा, बंधन तोडलंस! आता ह्या कोहळ्याला नख जरी लागलं, तर तिकडं तिचा श्वास थांबंल!"

संजीवनीनं कोहळा काट्यावरून काढून जमिनीवर ठेवला होता. बायका मागं सरल्या. कोहळ्याला पहिला वार पुरुषानं करायचा असतो. बाईनं केला तर घरावर येतं, असं इथं घरोघरी मानतात. संजीवनीनं जमलेल्या पुरुषांकडं पाहिलं. कुणी पुढं आलं नाही. हिंदुराव खाली बसले होते.

तिनं फोन लावला. व्हिडिओवर उशीला टेकलेल्या कुशाबाई दिसल्या, शेजारी डॉ. प्रगती.

"आई, कोहळा फोडतेय. चालेल?"

मांडवातल्या प्रत्येकाला फोनमधून त्या बाईचा श्वास ऐकू येत होता.

"भ्या वाटतंय गं," कुशाबाई म्हणाल्या.

"मलाही वाटतंय."

खरंच वाटत होतं. आपण शिकवतो ते सगळं तिला पाठ होतं, आणि तरीही भीती जात नव्हती.

"थांब. डॉक्टरबाईंचा हात धरू दे." पडद्यावर काहीतरी हललं. "हं. फोड. ह्यांच्या भरवशावर बसू नगं, तूच फोड."

संजीवनीनं जीपमधला कोयता आणला आणि वार केला.

फसकन पाणी उसळलं. आंबलेला वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले. कोहळ्याचा अर्धा भाग गडगडत महाराजांच्या पायाशी गेला. आतून पोखरलेला, पोकळ. आणि फोनचा पडदा काळा झाला होता.

"आई?"

तिनं पुन्हा हाक मारली.

"आई!"

कुणीतरी किंचाळलं. हिंदुराव दोन्ही हातांनी डोकं धरून पुढं कोसळले. "मी मारली," ते म्हणाले. "मी मारली तिला." महाराजांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. तो पाहिलेली माणसं अजून त्याबद्दल बोलतात.

फोन वाजला. संजीवनीनं तो उचलला.

"आगं रेंज गेली का काय?" कुशाबाईंचा आवाज आला. "फोडला का न्हाय? आन् रडतंय कोण तितं? आवं, तुमी हाय का? हितं बिनमिठाची खिचडी देत्यात, येताना ठेचा आणा."

"ठेचा बिलकूल नाही," मागून डॉक्टरांचा आवाज.

हिंदुराव रडत रडत हसले आणि मांडवाचा रोखलेला श्वास सुटला. महाराज मागच्या कनातीकडं सरकत होते. दोन बायकांनी वाट अडवली.

संजीवनीनं कोहळ्याचा देठाकडचा भाग उचलला. कुंकू पुसलं. खाली मेणाचं बूच होतं, त्याखाली अंगठा जाईल एवढं भोक. माणसांनी महाराजांच्या खोलीचं कुलूप तोडलं, तेव्हा आत गुरं टोचायची मोठी पिचकारी आणि मेणाची वडी सापडली. दर बुधवारी प्रत्येक कोहळ्यात पाणी भरलं जाई, असं शिष्यानं कबूल केलं. पुढं पुडीचाही अहवाल आला. राखेत लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची पूड होती.

"पण माझं वजन खरंच घटलं की गं," सारजा नावाची एक बाई गोंधळून म्हणाली. "काटा खोटा न्हवता."

"नव्हताच, मावशी. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर काय होतं?"

"वजन घटतं."

"का?"

"वाळतो की."

"मग तेव्हा पेढे वाटता?"

सारजाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि पुडी बाहेर काढली. मग एकेक पुडी बाहेर येऊ लागली. डॉ. प्रगती यांनी फोनवरूनच सगळ्यांना रक्त तपासायला बोलावलं. चौघींचं पोटॅशियम धोकादायक निघालं. इंदापूरला तक्रार नोंदली गेली. जादूटोणाविरोधी कायदा आणि औषधांचा कायदा, दोन्ही लागले.

कुशाबाईंना घरी सोडताना डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यात चमत्कार काही नव्हता. वय वाढतं तसं अंगातलं मांस झिजतं. घाईनं वजन उतरवलं की चरबीच्या आधी पाणी जातं, मग मांस. आणि मांस गेलं की माणूस खाटेला लागतो. म्हणून उपास नको. भाकरी थोडी कमी, डाळ, उसळ, अंडं, दूध पुरेसं. रोज चालणं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव, म्हणजे मांड्यांत जोर राहील. साखर, थायरॉइड, बीपी तपासून घ्यायचं. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ.

"लई सावकाश हाय हे," कुशाबाई म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पण यात तुम्ही शिल्लक राहता."

हलकेनाथ आज आत आहे. उद्या दुसरा कुणी येईल. त्याच्याकडं कोहळा नसेल, चहा असेल, पोटाला बांधायचा पट्टा असेल, मोबाइलवरची जाहिरात असेल. तोही म्हणेल खा, प्या, काही करू नका, आठवड्यात फरक बघा. तोही वर एक धाक घालेल, कारण धाकाशिवाय असला धंदा चालत नाही. औषध खरं असेल, तर त्यात काय आहे हे विचारल्यावर कुणी शाप देत नाही. तेव्हा विचारा. पुडी डॉक्टरला दाखवा. आणि आकडा खाली आला म्हणून हात जोडण्याआधी एवढंच बघा, अंगातून कमी झालं ते नेमकं काय.