चौथी टाकी

व्हिस्कीच्या कारखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून मालकांनी पाहुणे बोलावले आणि इतिहास सांगायचं काम सर्वांत जुना कामगार म्हणून माझ्या गळ्यात मारलं. तांब्याची भट्टी मालकांच्या पणजोबांनी आणली, पिंपांचं कोठार त्यांच्या आजोबांनी बांधलं, असं मी पाठ केलेलं बोलत गेलो. आंबवण्याच्या चौथ्या टाकीपाशी मालक कानात म्हणाले, "काका, इथे थांबलात तर उद्यापासून येऊ नका."

मी थांबलो. टाकी धुवायला उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही, ही आमची रीत. बऱ्याच वर्षांपूर्वी एके दिवशी मालकांच्या वडिलांना घाई होती. "कंदील कशाला? दिवसाढवळ्या दिसत नाही का तुम्हाला?" ते म्हणाले. माझा धाकटा भाऊ उतरला आणि साचलेल्या वायूनं तळाशीच मेला. पाहुण्यांना मी हे सगळं सांगितलं.

मालक हसले. "काकांचं वय झालंय."

"माझं झालं," मी म्हणालो. "तो बावीसचाच राहिला."

त्यांनी स्वतः मला फाटकाबाहेर काढलं. पाहुणे तोवर चव घ्यायला पुढच्या खोलीत गेले होते. एकही जण मागे थांबला नव्हता.