भागीरथाची पानं

अल्काने खुशबूला तिसरीतून काढून घरीच शिकवायला घेतलं, तेव्हापासून तिच्या सासऱ्यांचं डोकं फिरलं होतं. गुलाबगुरुजींनी जन्मभर मास्तरकी केलेली, आणि त्यांच्याच नातीने शाळेत जाऊ नये? बरं, पोर घरी टिकेल तर शप्पथ! उन्हाळाभर अल्का तिला कधी कुंभाराच्या भट्टीवर नेई, कधी भातगिरणीत, कधी आटत्या बोडीच्या तळ्यावर. घरची शिदोरी आणि फार तर एसटीचं अर्धं तिकीट, यापलीकडे खर्च नाही.

"उन्हात फिरवून शिक्षण होते का?" गुरुजी कडाडले. "जूनमध्ये मी स्वतः नाव टाकतो शाळेत."

अल्काचा नवरा रत्नपाल बापापुढे तोंड उघडायचा नाही. शेवटी तीच सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, एक दिवस सोबत या. मंग तुमी म्हणाल तसं."

गुरुजी छत्री घेऊन निघाले. अर्जुनीहून एसटीने जवळच्याच जंगलातल्या प्रतापगडला उतरून गड चढायचा बेत होता, पण खुशबू रस्त्याकडेच्या, विडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या फडावरच अडकली. मैदानभर पानांचे पुडे वाळत घातलेले, आणि बाया सैल झालेले पुडे पुन्हा बांधत बसलेल्या.

"हिरवी पानं तोडून मंग वाळवता काऊन?" खुशबूने एकीला विचारलं. "झाडावरच वाळू द्या ना!"

"झाडावर वाळलं तं हातात चुरा येते, बाई," ती हसली.

गुरुजींचा चेहरा मात्र काळवंडला. "अल्का, चाल इथून! माही माय हेच पानं तोडत मेली. यातून सुटाले मी शाळेत गेलो, अन तू पोरीले इथंच आणून बसवली?"

ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती, रत्नपाललासुद्धा नाही. झालं, आता जूनमध्ये पोर गेलीच हातची, असं तिला वाटलं.

खुशबू मात्र कोणाच्या रागाने गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "आबाजी, मंग तुमालेबी पुडा बांधता येते?" असं म्हणत तिने ओंजळभर पानं त्यांच्यापुढे धरली.

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, छत्री मिटली आणि खाली बसले. देठ एका बाजूला जुळवले, पळसाच्या मुळीचा धागा दातात धरून ओढला आणि गाठ मारली. मग काय, खुशबूच्या प्रश्नांची सरबत्तीच! जंगलात कधी जायचे? अस्वल भेटलं का?

"भेटलं ना. तेंदूची फळं खाले येते ते. माय थाळी वाजवे, अन मी तिच्या लुगड्यामागं लपो."

"काय नाव होतं तिचं?"

"भागीरथा," गुरुजी म्हणाले. आपल्या आजेसासूचं नाव अल्काने आज पहिल्यांदा ऐकलं. तीही खाली बसून पानं जुळवू लागली.

गड राहिलाच. परतीच्या एसटीची वाट पाहताना गुरुजींनीच विषय काढला. "खुशबू, खरं सांग. जूनमध्ये शाळेत जाशील का?"

इतक्या भांडणात हे पोरीला कोणी विचारलंच नव्हतं, अल्कानेही नाही. खुशबूने बराच विचार केला.

"तिथं इतकं विचारू देतेत का, आबाजी?"

जन्मभर वर्गात 'गप्प बसा' म्हणत आलेल्या गुरुजींनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

"अल्का," ते म्हणाले, "उद्या कुठं नेऊन राहिली इले?"