वाकड्या तोटीची झारी

मी झारी बोलतेय. जिन्याखालच्या नळाजवळ, कट्ट्यावर बसलेली ही तांब्याची झारी. माझ्या पोटाला एक पोचा आहे आणि तोटी जरा डावीकडे वळलेली आहे. पोचा नंतरचा. तोटी मात्र जन्मापासूनच वाकडी.

तांबटाच्या हातून ते झालं. माझ्याआधी त्याने अकरा झाऱ्या घडवल्या होत्या, सगळ्या सरळ नाकाच्या. माझी तोटी जोडताना शेजाऱ्याने त्याला हाक मारली, त्याने मान वळवली आणि माझं नाक वाकडं बसलं. पाणी ओतून पाहिलं तर धार पडली दोऱ्यासारखी बारीक. त्याने मला मागच्या फळीवर ढकललं. समोर मिरवणाऱ्या बहिणी एकेक करून गेल्या आणि मी धूळ खात राहिले.

एक दिवस एक म्हातारी बाई आली. तिने सगळ्या झाऱ्यांतून पाणी ओतून पाहिलं.

"हिची धार बारीक आहे. हीच द्या."

"अम्मा, ती फसलेली आहे," तांबट म्हणाला.

"तुझी फसली असेल, माझी नाही फसली. नदीच्या काठी बसून वजू केली तरी पाणी उधळू नये, असं आपल्याला शिकवलंय. तुझ्या त्या सरळ झाऱ्या अर्धी बादली ओततात."

अशी मी अम्मांच्या घरी आले. दुमजली घर. वरच्या मजल्यावर थोरला मुलगा आणि थोरली सून, खाली धाकटा मुलगा आणि धाकटी सून. पाण्याचा नळ मात्र एकच, जिन्याखाली. दोघी सुना नमाजापूर्वी तिथेच वजू करायच्या. आधी हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. मी एकदा भरले की दोघींचं भागायचं.

थोरली शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. हात सुबक, जीभ मात्र तिच्या कात्रीपेक्षा धारदार. कुणी काही बोललं की उत्तर तयार. अम्मा तिला ओरडायच्या नाहीत. म्हणायच्या, "राग आगीचा असतो गं. आग पाण्याने विझते. जा, वजू करून ये." मग थोरली तणतणत जिना उतरायची, मला उचलायची आणि चेहऱ्यावर पाणी मारता मारता हळूहळू शांत व्हायची. अम्मा शेजारणींना सांगायच्या, "नमाज पाच वेळा, पण आमची थोरली वजू करते आठ वेळा. वरच्या तीन माझ्यापायी!" हे ऐकून थोरलीसुद्धा हसायची.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. शांत, कमी बोलणारी, पण बोललीच तर नेमकं बोलणारी.

अम्मा गेल्या. जाण्याआधी त्यांनी दोघींना जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "झारी दोघींची." एवढंच.

दर महिन्याला आमच्या घरी गल्लीतल्या बायका कुराण वाचायला जमायच्या. अम्मांनी सुरू केलेला हा शिरस्ता थोरलीने चालू ठेवला. एका महिन्यात त्याच दिवशी सकाळी कल्हईवाला दारात आला. माझी आतली कल्हई उडाली होती. थोरलीच्या मशीनवर चाळीस गणवेश पडलेले. तिने घाईघाईने मोठं पातेलं त्याच्या हातात दिलं, त्यात मला कोंबलं, आणि परत मशीनवर जाऊन बसली. कल्हईवाला मला घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून मुलीच्या लग्नाला गावी गेला.

पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. पण त्या घरात ते इतक्या जणींनी इतक्या वेळा सांगितलं, की मला पाठ आहे.

बायका जमल्या. धाकटीची आईही आली होती. वजूसाठी झारी शोधली, तर कट्टा रिकामा. थोरलीच्या डोक्यात चाळीस गणवेशांच्या काजा-बटणांचा गोंधळ, सकाळचं पातेलं पार विसरलेलं. ती सगळ्यांसमोर धाकटीला म्हणाली, "दिवसभर लोकांना चष्मे देतेस, तुला एवढी झारी दिसली नाही? की माहेरी पोचली?"

धाकटीची आई तशीच उठली. तिने चपला घातल्या आणि ती निघून गेली. धाकटी फक्त एवढंच म्हणाली, "माझ्या आईसमोर बोललात, भाभी." त्यानंतर तिने दार लावून घेतलं.

दहा दिवसांनी कल्हईवाल्याने पातेलं आणून दिलं. झाकण उघडलं तर आत मी, लख्ख, नव्या नवरीसारखी. थोरली मला घेऊन तिथेच पायरीवर बसली.

तेव्हाच ती खाली गेली असती, तर माझी गोष्ट इथेच संपली असती. ती उठलीही. दोन पायऱ्या उतरली. खालून बोलण्याचा आवाज आला आणि ती परत फिरली. मला चिंध्यांच्या पोत्यात घातलं आणि जिन्यावरच्या माळ्यावर टाकलं.

तिथे मी तीन वर्षं काढली. माळ्याला जिन्याकडे एक झरोका होता, त्यातून घरातला शब्द न् शब्द माझ्यापर्यंत यायचा. एक सांगते, त्या तीन वर्षांत थोरली खरंच बदलली. सोमवार-गुरुवारचे रोजे धरू लागली. टोमणे सोडले. गणवेशाचं माप चुकलं म्हणून एक बाई वाट्टेल ते बोलून गेली, तरी थोरली "आणा, परत शिवून देते," एवढंच म्हणाली. लोक म्हणायचे, थोरलीचं सोनं झालं. ते खोटं नव्हतं. पण सिजद्यात, जमिनीला कपाळ टेकून, ती फार वेळ राहायची, आणि कशासाठी ते फक्त मला ठाऊक होतं. खाली नळावर आता प्लास्टिकचा मग होता. धाकटी आपली वजू घरातच करायची. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे पाहायची, दुसरी पायांकडे.

मग एके दिवशी थोरलीचं आणि तिच्या नवऱ्याचं हजच्या यादीत नाव लागलं. घर आनंदाने भरून गेलं. हजला निघण्याआधी माणसाने सगळ्यांची माफी मागून जावं, अशी रीत. माणसांचं दुखवलेलं मन माणसांनीच माफ करायचं असतं. थोरली अख्ख्या गल्लीत फिरली. दूधवाल्याची माफी मागितली, शाळेच्या कारकुनाची मागितली, बटणांच्या दुकानदाराची मागितली.

दुकानदार जिन्यापर्यंत हसत तिला सोडायला आला. "ताई, तुम्ही मला कधी दुखवलंच नाही, मी माफ काय करू? हवं तर दोन बटणं तोडा, मग माफ करतो!"

सगळी गल्ली झाली तेव्हा ती खाली धाकटीच्या दारात उभी राहिली. झरोक्यातून मला ऐकू आलं.

"धाकटे, हजला निघालेय. काही बोललं-चाललं असेल तर माफ कर."

"काही म्हणजे काय, भाभी?"

थोरलीच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"नाव घेऊन मागा," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी वाट बघतेय. त्या क्षणी माफ करीन. पण 'काही' कसं माफ करायचं, ते मला येत नाही."

थोरली जिना चढून आली. येताना तिला एकेक पायरी डोंगराएवढी झाली असावी, इतका वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा प्रवासाची बॅग काढायला माळ्यावर चढला. बॅग ओढली, तिच्याबरोबर पोतं आलं, आणि मी ठणठणत सात पायऱ्या खाली गेले. हा पोचा तेव्हाचा.

"अगं, ही अम्मांची झारी ना?"

थोरलीने सगळं सांगितलं. कल्हईवाला, पातेलं, पोतं. नवऱ्याने मला उचलून तिच्या हातात दिलं.

"मला कशाला सांगतेस? अपमान माझा केला होतास का?"

"नाही."

"किती जणींसमोर बोलली होतीस?"

"वीस असतील. आणि तिची आई."

"मग वीस जणी आणि तिची आई."

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, बायका थोरलीला निरोप द्यायला जमल्या. धाकटीच्या आईकडे थोरली सकाळी स्वतः जाऊन आली होती. काय बोलली मला माहीत नाही, पण म्हातारी आली, आणि तीन वर्षांनी आमच्या जिन्यावर तिचा पाय पडला. धाकटी आईला धरून मागे बसली.

थोरलीने मला खोलीच्या मधोमध ठेवलं. माझं झाकण खुळखुळलं.

"ही झारी मीच कल्हईला दिली होती आणि विसरले होते. दहा दिवसांनी परत आली. तेव्हापासून माझ्या माळ्यावर होती. मी धाकटीवर, तिच्या आईसमोर, तुम्हा सगळ्यांसमोर चोरीचा आळ घेतला, आणि खरं कळल्यावर गप्प बसले. धाकटे, मला त्याची माफी हवी. खाला, तुमचीसुद्धा," ती धाकटीच्या आईकडे वळून म्हणाली.

धाकटी उठली. तिने मला उचललं, झाकण काढून आत पाहिलं, अगदी दुकानात काच उजेडाला धरतात तसं.

"कल्हई चांगली केलीय हो त्याने," ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते. "माफ केलं, भाभी. त्या दिवशीच केलं असतं."

"चष्मा मलाच हवा होता गं," थोरली म्हणाली, आणि तिचा बांध फुटला.

"या दुकानात, भाभी. नातेवाइकांना चष्मा मोफत!"

बायका एकदम हसल्या, रडल्या, दोन्ही. तेवढ्यात अजान झाली. धाकटी मला घेऊन नळाकडे निघाली, मागून थोरली. दोघी पोचण्याआधीच म्हातारी कट्ट्यावर जाऊन बसली होती.

"आधी माझ्या हातावर ओता. माझे गुडघे दुखतात, तुमची मिठी संपेपर्यंत नमाजाची वेळ निघून जाईल."

थोरलीने माझा कान धरला आणि म्हातारीच्या सुरकुतलेल्या हातांवर माझी वाकडी, बारीक धार धरली. पाणी फार लागलं नाही.

थोरली आता हजहून परत आलीय. मी पुन्हा कट्ट्यावर आहे. पोचा काढून देतो असं कल्हईवाला दोनदा म्हणाला, थोरलीने नको सांगितलं. परवा धाकटीशी पडद्याच्या कापडावरून तिचं वाजलं, आवाज चढला, आणि दोघी एकदमच मला उचलायला धावल्या. कुणी आधी वजू करायची यावरून पुन्हा जुंपली!

मी सुखी आहे. एकच विनंती करते. तुमच्याही माळ्यावर एखाद्या पोत्यात माझी बहीण असेल. पडण्याची वाट पाहू नका, हाताने खाली काढा. मग पोचा येत नाही.