एका मात्रेचा फरक

माओरी स्वागताच्या कार्यक्रमात होआनीने वाकून, शांततेची खूण म्हणून जमिनीवर ठेवलेलं नेच्याचं पान उचललं. समोर योद्ध्याच्या वेशात भाला परजत उभ्या असलेल्या कलाकारावरून, राविरीवरून, नजर मात्र ढळू दिली नाही, कारण नजर ढळली की पाहुण्यांची इज्जत गेली. बसमधून आलेल्या चाळीस पर्यटकांचा कार्यक्रमापुरता सरदार व्हायला त्याने आपणहून हात वर केला होता. प्रेक्षकांतल्या मागच्या बाकावर त्याची नऊ वर्षांची टिया बसली होती आणि तिच्याशेजारी त्याची आई, मेरेआना.

तो चार वर्षांचा असताना आईबाप त्याला घेऊन न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेले. पुढची चाळीस वर्षं तो माओरी राहिला तो फक्त चेहऱ्याने आणि नावाने. भाषेचं विचारलं की आई म्हणे, "शाळेत बाईंनी छडीने झोडून काढली आमच्यातून. आता एक शब्द येत नाही." म्हणून गेले आठ महिने ट्रक चालवताना तो मोबाइलवर गुपचूप शिकत होता. शनिवार-रविवारची तिकिटं काढून तो दोघींना रोटोरुआला घेऊन आला तो एवढ्याचसाठी. आईसमोर, लेकीसमोर आपल्या मातीत उभं राहून आपलं कुळ सांगायचं, बस्स.

आणि त्याने सांगितलं. डोंगर सांगितला, तळं सांगितलं, पूर्वज ज्या होडीतून आले ती सांगितली. एकही शब्द सुटला नाही. मग छाती पुढे काढून त्याने शेवटचं वाक्य म्हटलं: मी 'ते अरावा' कुळाचा वंशज आहे.

निदान त्याला तसं वाटलं. उरी म्हणजे वंशज. उरे म्हणजे पुरुषाचा तो अवयव, ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत. होआनीकडून वेलांटीच्या जागी मात्रा पडली होती.

कलाकारांचे चेहरे ताठ राहिले. न हसण्याचाच पगार होता त्यांना. तेवढ्यात मागून कुणीतरी खो खो हसलं. अगदी पोटातून, आवरता न येणारं हसू. मग कलाकारांचाही बांध फुटला. एका जर्मन जोडप्याने, असंच असतं समजून, टाळ्या वाजवल्या.

होआनीने वळून पाहिलं. आई पदर नसल्यामुळे टियाच्या जाकिटाने डोळे पुसत होती. हसायचं तर आधी कळायला हवं, एवढं त्यालाही कळत होतं.

राविरीने पुढे होऊन रिवाजाप्रमाणे स्वागताला त्याच्या नाकाला नाक लावलं.

"ब्रिस्बेन का रे?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"वाटलंच." आणि तो चुकलेला शब्द त्याने कानात समजावून सांगितला.

जेवायला जमिनीखाली शिजवलेलं मटण आणि रताळी होती. होआनीने ताट बाजूला सारलं.

"आई, तुला येते भाषा."

"रताळं गार होतंय तुझं."

"मारून काढली म्हणायचीस."

"मारलं ते खरंच. गेली नाही, एवढंच." तिने हाडावरचं मांस नीट सोडवलं. "हुइया मावशी रविवारी यायची, आम्ही परसात कपडे वाळत घालत तास तास काय बोलत होतो, वाटलं तुला? तुझ्या बापाची उणीदुणी. तुझीपण."

"मग मला का नाही शिकवलंस?"

"घरात सगळं तुम्हा बापलेकांचं होतं. टीव्ही तुमचा, मोटार तुमची, माझा पगारसुद्धा तुमचा. तेवढं एक माझं होतं. ते कशाला देऊ?"

"मी मुलगा आहे तुझा!"

"म्हणूनच."

ती हे रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती मीठ मागावं तशी म्हणाली.

"हुइया वारल्यावर तीन वर्षं बोलायला कुणी नव्हतं," ती पुढे म्हणाली. "आज तू तोंड उघडलंस, आणि काय उघडलंस!" तिला पुन्हा हसू फुटलं आणि ठसका लागला.

"आजी, मला शिकव ना," टिया म्हणाली.

मेरेआनाने नातीकडे निरखून पाहिलं. मग तिला जवळ ओढून कानात एक लांबलचक वाक्य सांगितलं. टिया पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा तिने ते घडाघडा म्हटलं.

"बघ, पोरीच्या तोंडात कसं बसलं!"

होआनीने कान टवकारले होते. आठ महिन्यांच्या मेहनतीवर त्याला त्यातला एकच शब्द ओळखता आला, तो म्हणजे बाबा.

"काय म्हणालीस गं टिया? अर्थ काय त्याचा?"

टियाने आजीकडे पाहिलं. आजीने नकारार्थी मान हलवली.

"नाही सांगायचं, बाबा," टिया म्हणाली आणि पुढच्या वाक्यासाठी तिने आजीपुढे कान केला.